समोरचा तयार आहे

मंगळवारी सकाळी मशीनने प्रोग्राम घेतला नाही. मी सीरियलभाऊंना फोन लावला. फोन त्यांच्या भावाने उचलला. तो म्हणाला, "भाऊ काल गेला."

पलीकडे मळणीयंत्राचा आवाज येत होता.

"कोण बोलून राहिल्या?" त्याने विचारलं. "इथं 'जुनं मशीन मॅडम' असं लिहून येऊन राहिलं."

"तीच मी."

"कस्टमर का?"

या प्रश्नाला दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. "हो," मी म्हणाले, "कस्टमर."

"धान कापणं चालू होतं जी. बांधावर बसला होता. आम्ही जेवाले आवाज देऊन राहिलो, तर उठलाच नाही." मग त्या अवस्थेतही त्याने विचारलं, "तुमचं काही काम होतं का?"

माझ्या पाठीमागे मशीनच्या अलार्मचा दिवा उघडझाप करत होता. मी म्हणाले, "नाही. काही नाही."

नागपुरात हिंगणा रोडवर आमचा साचे बनवण्याचा कारखाना आहे. डब्यांची झाकणं, बाटल्यांची बुचं, बादल्यांच्या कड्या अशा प्लास्टिकच्या वस्तू ज्या लोखंडी साच्यांतून निघतात, ते साचे. मी तिथे प्रोग्राम लिहिते. हत्याराने कुठून कुठे जायचं, किती खोल कापायचं, हे मशीनला कळेल अशा भाषेत ओळीमागून ओळ सांगायचं, एवढंच ते काम. नवी मशीनं हे सगळं पेन ड्राइव्हवरून एका घोटात पिऊन टाकतात. आमचं जुनं मशीन तसं नाही. त्याच्या पोटात फार थोडं मावतं. म्हणून माझ्या कॉम्प्युटरपासून त्याच्यापर्यंत एक केबल जाते आणि तिच्यातून एकामागे एक अक्षर त्याला भरवावं लागतं. ते कापत राहतं, आपण भरवत राहायचं. याला सीरियल कम्युनिकेशन म्हणतात. ते बिघडलं की जे यायचे, ते सीरियलभाऊ.

हे नाव त्यांना मालकांच्या पत्नींमुळे मिळालं. "सीरियलचा प्रॉब्लेम होता, तो माणूस आला आणि झटक्यात चालू करून दिलं," असं मालक घरी सांगत होते. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्या माणसाला घरीच बोलावून घेतलं. संध्याकाळी साडेसातची त्यांची सीरियल दिसेनाशी झाली होती. भाऊ गेले. टीव्हीमागे हात घातला, सैल झालेली एक वायर दाबून बसवली आणि म्हणाले, "वहिनी, तुमची सीरियल वेगळी न माझी वेगळी. पण चालू झाली पाहा." तिथे चहा-चिवडा झाला. तेव्हापासून गेटवरचा चौकीदारसुद्धा फोन करून सांगायचा, "मॅडम, सीरियलवाले भाऊ येऊन राहिले." ते चिडल्यासारखं करायचे. पण फोनवर स्वतःच म्हणायचे, "सीरियलभाऊ बोलून राहिलो."

त्या मंगळवारी दुपारी मालक मशीनपाशी आले. मग म्हणाले, "मॅडम, भाऊ गेले. आता याच्याकडं कोण पाहीन? महिन्याच्या शेवटी नवीन मशीन येऊन राहिलं. याले भंगारात देऊन टाकू."

"केबल मी पाहते," मी म्हणाले.

"तुम्ही?"

"नवीन येईपर्यंत पाहू द्या. नाही जमलं तर द्या."

मालक वाईट माणूस नाहीत. त्यांनी मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चालू झालं तर कोपऱ्यात सरकवू. नाही तर मग नका सांगू मले." माझी नोकरी यात जाणार नव्हती. नव्या मशीनलाही प्रोग्राम लागतातच. पण त्या मशीनला केबल नव्हती, आणि सीरियलभाऊंनी आपल्या हाताने केलेली वस्तू माझ्या ओळखीत जुन्या मशीनची केबल ही एकच होती. भंगारवाला मशीन उचलेल तेव्हा केबलही तोडून नेईल, तिच्यातल्या तांब्यासाठी, हे मला दिसत होतं.

सीरियलभाऊ लकडगंजात एका आरा मशीनच्या वरच्या खोलीत राहायचे. त्यांच्या शर्टाला कायम लाकडाच्या भुशाचा वास असायचा, त्यामुळे ते आत आले की मला मान वर न करता कळायचं. एका मोठ्या कंपनीत ते मशीनं दुरुस्त करत देशभर हिंडले होते आणि मग कंटाळून नागपुरात स्वतःचं काम सुरू केलं होतं. गाव कुहीकडचं. भाऊ, वहिनी, धानाची शेती तिकडे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. गजूभाऊ, आमचा ऑपरेटर, त्यांना मुद्दाम विचारायचा, "काहून नाही केलं गा भाऊ?" त्यावर ठरलेलं उत्तर होतं, "तारीख काढली तवा मी टूरवर होतो."

नम्रपणा त्यांच्या अंगात नव्हता. आपल्या हाताचं सोल्डरिंग दाखवताना ते बिनदिक्कत म्हणायचे, "हे पाहा, मोत्यासारखं. नागपुरात असं कोणी करून दाखवावं." चहा उशिरा आला तर रुसायचे. आणि कुठलाही दोष सापडेना की तो बाजूच्या वेल्डिंगवाल्याच्या माथी मारायचे. त्याच्या ठिणग्यांमुळे केबलमध्ये कचरा येतो, हा त्यांचा लाडका सिद्धांत होता. एकदा त्यांनी नवीन केबल करून आणली आणि ती काही केल्या चालेना. सकाळभर त्यांनी वेल्डिंगवाल्याला शिव्या घातल्या, त्याला काम बंद ठेवायला लावलं, तरी मशीन ढिम्म. दुपारी केबलचं टोक उघडलं तेव्हा दिसलं, की भाऊंनी वायरी सरळ जोडल्या होत्या. या केबलीत त्या उलट जोडाव्या लागतात. एकाच्या तोंडाची तार दुसऱ्याच्या कानात गेली पाहिजे. भाऊंनी तोंडाला तोंड जोडलं होतं आणि कानाला कान. "दोघंबी बोलून राहिले होते," ते म्हणाले, "ऐकाले कोणीच नाही." मग उठले, तर्री-पोह्यांच्या दोन प्लेटी घेतल्या आणि वेल्डिंगवाल्याकडे जाऊन बसले. माफी बिफी मागितली नाही. पोहे मात्र दोघांनी मिळून खाल्ले, हे मी खिडकीतून पाहिलं.

माझी त्यांची पहिली भेट मला चांगली आठवते. मी त्या कामात नवी होते. मशीन प्रोग्राम घेत नव्हतं आणि मी ठामपणे सांगत होते, की दोष मशीनचाच आहे. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पहिले आपला आवाज चालू आहे का ते पाहू. लोकं डायरेक्ट समोरच्यावर घसरते." कॉम्प्युटरच्या मागे वाकून ते काहीतरी शोधत राहिले आणि तिथूनच म्हणाले, "मॅडम, केसांतला एक आकडा द्या न."

"कशाला?"

"याचे कान टोचतो."

तेव्हा माझे केस लांब होते आणि अंबाड्याला आकडे लागायचे. मी एक काढून दिला. त्यांनी तो वाकवून कॉम्प्युटरच्या मागच्या बारीक पिनांपैकी दोन पिनांवर बसवला. "हे याचं तोंड, हा याचा कान. दोन्ही जोडले. आता हा जे बोलंल ते यालेच ऐकू येईन." मग खुर्चीत बसून दोन बोटांनी त्यांनी टाइप केलं, इंग्रजी अक्षरांत: जेवला का. ती अक्षरं स्क्रीनवर उमटली. आकडा काढून त्यांनी पुन्हा तेच टाइप केलं. स्क्रीन कोरी राहिली. "समजलं? पहिल्या वेळी जे दिसलं ते फिरून आलेलं होतं. म्हणजे आवाज चालू आहे. आता याच्यावर शंका घेऊ नका, केबलकडे जाऊ."

मी म्हणाले, "सगळे टेस्ट असं टाइप करतात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही असभ्य बोलले होते. "कोणी भेटलं तर तुम्ही त्याले टेस्ट म्हणता का?" मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "अन् तुम्ही? तुम्ही जेवल्या का?"

मी जेवले नव्हते. जेवणाच्या सुट्टीत मी पुस्तक वाचायचे. कारखान्यात मी एकटीच बाई. सगळे शेडमध्ये एकत्र बसून जेवायचे आणि मी माझ्या टेबलाशी. डबा उघडला की आपण एकट्या आहोत हे दिसतं. पुस्तक उघडलं की दिसत नाही. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून ते आमच्याकडे यायचे ते बहुतेक जेवणाच्या सुमाराला. स्वतःचा डबा माझ्या टेबलावर ठेवायचे, माझ्या पुस्तकात एखादा कागद घालून ते मिटायचे आणि म्हणायचे, "पुस्तक कुठं पळून नाही जात." त्यांच्या डब्यात भात असायचा, गावच्या तांदळाचा, बोटभर लांबीची मिरची आणि कुठलीशी पातळ भाजी. मशीन चांगलं चालत असलं तरी ते अधूनमधून यायचे. "इकडूनच जाऊन राहिलो होतो," म्हणायचे. लकडगंज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथून कुठेही जाताना हिंगणा रोड वाटेत लागत नाही.

तो आकडा मात्र त्यांनी परत दिला नाही. प्रत्येक वेळी हत्यारांच्या खाकी थैलीतून तोच काढायचे.

त्यांचा सगळ्यांत मोठा नियम क्रमाचा होता. केबलीतून प्रोग्राम पाठवताना आधी मशीनवर जाऊन 'वाच' ही आज्ञा द्यावी लागते. मशीन वाट बघू लागलं, की मग कॉम्प्युटरवरून पाठवायचं. आम्ही घाईत उलटं करायचो. इकडून अगोदर पाठवून मोकळे व्हायचो आणि तिकडे मशीनच्या कानावर काहीच पडलेलं नसायचं. भाऊ म्हणायचे, "आधी ऐकणाऱ्याले बसवा, मंग बोला. हवेत काहून सोडता?" हा नियम ते माणसांनाही लावायचे. त्यांचा फोन आला की पलीकडून एवढंच ऐकू यायचं, "सीरियलभाऊ बोलून राहिलो. बोलू?" आणि मग शांतता. आपण "हं, बोला" म्हटल्याशिवाय पुढचा शब्द निघायचा नाही. पुष्कळ लोकांना वाटायचं फोन कटला. ते ठेवून द्यायचे. भाऊ पुन्हा लावायचे आणि पुन्हा विचारायचे, "बोलू?"

माझी आई शेवटच्या आजारात दवाखान्यात होती. एका दुपारी त्यांचा असाच फोन आला. "बोलू?" मी म्हणाले, "थांबा जरा," कारण तेवढ्यात डॉक्टर आले होते. फोन हातातच राहिला. डॉक्टरांशी बोलणं झालं, औषधं आणायला खाली गेले, रांगेत उभी राहिले, वर आले, आईला उशी नीट करून दिली. मग हातातल्या फोनकडे लक्ष गेलं. तो चालूच होता. मी कानाला लावला. पलीकडे आरा मशीनचा बारीक आवाज येत होता.

"भाऊ? तुम्ही आहात?"

"हो न."

"अहो, ठेवायचा ना फोन."

"तुम्ही थांबा म्हटलं. मशीन थांब म्हणते तवा कॉम्प्युटर लाइन कापते का? थांबते. आता बोलू?"

"हं, बोला."

"आईले कसं आहे?" त्यांनी विचारलं. तेवढंच विचारायला त्यांनी फोन केला होता. आई गेल्यावर प्रताप नगरच्या घरात मी एकटी उरले. पुष्कळ लोक पुष्कळ बोलून गेले. ते सगळं विरलं. तो आरा मशीनचा आवाज अजून कानात आहे.

मशीनच्या बाजूच्या प्लगात त्यांनी एक पिवळी वायर जोडली होती. ती कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. त्यांनी जवळ बोलावलं, जणू काही घरातली गोष्ट सांगतात. "हे मशीन लय संशयी आहे. समोरचा तयार आहे अशी खूण भेटल्याशिवाय ऐकाले तयारच होत नाही. अन् आपला कॉम्प्युटर ती खूण देत नाही. मंग मी काय केलं? मशीन स्वतः 'मी तयार आहे' म्हणते न, तीच तार फिरवून त्याच्याच कानात घातली. त्याले वाटते समोरचाच बोलून राहिला."

"म्हणजे खोटं."

"खोटंच. काय करता? खोटं तर खोटं, पण काम होऊन राहिलं. तेवढ्या भरवशावर ते ऐकाले बसते."

भाऊ गेल्यानंतरच्या दिवसांत मी मशीनशी झटत राहिले. मशीनच्या आतल्या सेटिंग पुन्हा भरल्या, पुस्तिका वाचून काढली, अलार्मचा अर्थ शोधला. 'समोरचा तयार नाही' अशा अर्थाचा तो अलार्म होता. मी कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पाहिलं, मशीन बंद करून चालू केलं. मी सरळ समोरच्यावर घसरले होते, हे मला कळत होतं. सुरुवात कुठून करायची तेही ठाऊक होतं. पण ती ओळ टाइप करायला बसायचं धाडस होत नव्हतं. आणि आकडाही नव्हता. केस मी केव्हाच कापून टाकले होते.

गजूभाऊ येता-जाता बघायचा. "मॅडम, काहून जीव काढून राहिल्या? जाऊ द्या न भंगारात. माझ्याहून म्हातारं आहे ते."

"तू जाशील का भंगारात?"

"मले घेईन कोण?" तो म्हणाला आणि हसला. मग हसू आवरून म्हणाला, "भाऊची तेरवी आहे न कुहीले. तुम्ही जाऊन या."

मी गेले. कुहीपर्यंत एसटी, पुढे ऑटो. अंगणात धानाची रास होती आणि तिच्यावर गोणपाटं टाकलेली. भाऊ तिथे एका खुर्चीवर फोटोत होते, शर्टाची वरची गुंडी लावून. तशी ते कधी लावत नसत. मला तिथे कोणी ओळखणार नव्हतं आणि मी कोण हे सांगायला माझ्यापाशी फोनवरचाच शब्द होता. आत बायकांच्यात एक म्हातारी पुढे झाली. "तुम्ही कोण वं बाई?"

मी काही म्हणायच्या आत भाऊंचा भाऊ दारातून म्हणाला, "आत्या, ह्या जुनं मशीन मॅडम."

"अगं बाई!" आतून त्यांची वहिनी ओले हात पुसत आली. "त्याच न तुम्ही, जेवत नाही त्या?"

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. वहिनी म्हणाली, "भाऊजी घरी आले का तुमचंच सांगे. म्हणे, मोठी हुशार बाई आहे पण जेवतच नाही, पुस्तक घेऊन बसते. दरवर्षी जाताना तांदूळ बांधून मागे. म्हणे, माझ्या डब्यातलं पाहून तरी खाईन." मला त्यांच्या डब्यातला भात आठवला. तो एका माणसाच्या मानाने नेहमी जास्त असायचा.

मग वहिनी आत गेली आणि त्यांची थैली घेऊन आली. तीच खाकी, कोपऱ्यात करपलेली. आत हात घालून तिने काहीतरी काढलं आणि तळहातावर धरलं. "अन् हा कोणाचा वं मग? आम्ही बाया तेव्हापासून डोकं लावून राहिलो. जन्मभर लग्न नाही केलं, अन् थैलीत बाईच्या केसांतला आकडा!"

दोघीतिघी पदराआड हसल्या. आत्या म्हणाली, "मी म्हटलं होतं न, टूरवर काही तरी होतं."

"माझा आहे," मी म्हणाले.

हसणं थांबलं. बाहेर कोणीतरी पंगतीसाठी पत्रावळी मोजत होतं, तेही ऐकू येऊ लागलं. "म्हणजे, कॉम्प्युटरच्या मागे दोन पिना असतात," मी सांगू लागले. "त्या एकमेकींना जोडायला लागतो. आवाज परत येतो का ते बघायला. त्यांनी एकदा मागितला होता, मग तोच वापरायचे." जसजशी सांगत गेले तसतसं ते मलाच खरं वाटेनासं झालं. आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं. "हो का," ती म्हणाली. "जोडाले." तिने तो आकडा पदराला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला. मग मोठ्याने म्हणाली, "सरका वं जरा. बाईले बसू द्या. पहिले जेवून घ्या तुम्ही."

मी बसले. तिने भात वाढला आणि मी जेवेपर्यंत ती समोरून हलली नाही. निघताना भावाने थैली माझ्या हातात दिली. "हे बी घेऊन जा जी. आम्हाले याच्यातलं काही समजत नाही."

दुसऱ्या दिवशी मी भाऊंच्या क्रमाने सुरुवात केली. कॉम्प्युटर ओढून घेतला, मागे वाकले, आकडा दोन पिनांवर बसवला. खुर्चीत बसले आणि टाइप केलं: जेवला का.

अक्षरं स्क्रीनवर उमटली. जेवला का. मी ती वाचली. मीच विचारलेलं होतं, मलाच परत आलं होतं, हे मला नीट ठाऊक होतं. तरी ती माझ्या आवाजात वाचता येईनात.

गजूभाऊ मागे येऊन उभा होता. "कोणाले विचारून राहिल्या?"

"कोणाला नाही. आवाज तपासतेय."

त्यानेही ती ओळ पूर्वी पाहिलेली होती.

मग केबल कॉम्प्युटरला लावली आणि तिचं दुसरं टोक, मशीनकडचं, सोडवून हातात घेतलं. त्यातल्या तशाच दोन पिना आकड्याने जोडल्या. गजूभाऊला प्लग धरायला दिला आणि पुन्हा येऊन टाइप केलं. प्रश्न शेडच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत आला. म्हणजे तोंड ठीक, कान ठीक, मधली तार ठीक. उरला तो प्लग. मी त्याचं झाकण उघडलं. पिवळी वायर एका बाजूने सुटून लोंबत होती.

"भाऊ गेले त्या सोमवारी मी मशीनखाली झाडलं होतं," गजूभाऊ ओशाळून म्हणाला. "तवा केबल ओढल्या गेली असन."

वायर तुटली आणि मशीनला खूण मिळेनाशी झाली. समोरचा तयार नाही, असं ते तेव्हापासून सांगत होतं. ते खरंच सांगत होतं.

थैलीतलं सोल्डरिंग आयर्न तापवलं. मी ते काम कधी केलं नव्हतं. भाऊ करताना पाहिलं होतं, एवढंच. वायर दोनदा निसटली, बोट भाजलं, आणि शेवटी जो गोळा तयार झाला तो मोत्यासारखा अजिबात नव्हता; वाळलेल्या च्युइंगमसारखा दिसत होता. भाऊंनी तो बघून हात जोडले असते. मी मशीन बंद केलं, कॉम्प्युटर बंद केला. चालू असताना केबल लावायची नाही, हाही त्यांचा नियम: "आधी दोघायले झोपवा, मंग हात मिळवा." प्लग बसवला. दोन्ही चालू केली.

"गजूभाऊ, वाचायला लाव."

त्याने बटण दाबलं. आम्ही दोघं त्या छोट्या पडद्याकडे बघत राहिलो. अलार्म आला नाही. कोपऱ्यात वाट बघण्याची खूण उघडझाप करू लागली. मशीन ऐकायला बसलं होतं.

मी लगेच पाठवलं नाही. मला थोडा वेळ तसंच बसून राहावंसं वाटलं. मग गजूभाऊ तिकडून म्हणाला, "बोला न मॅडम, तयार आहे ते," आणि मी बटण दाबलं.

नवीन मशीन महिन्याच्या शेवटी आलं. जुनं कोपऱ्यात सरकवलं आहे आणि लहान साच्यांचं काम ते करतं. केबल तीच आहे. थैली माझ्या टेबलाखाली असते, आकडा खणात असतो. सीरियलभाऊंचा नंबर मी फोनमधून काढलेला नाही. तो लागत नाही. दुपारी मी पुस्तकात कागद घालून ते मिटते आणि जेवते.